मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार न करता एखादा रॉक बँड वर्षानुवर्षं टिकू शकतो का?

हो, टिकू शकतो. वॉशिंग्टन डीसीचा फुगाझी बघा. १९८७ ते २००२ असा त्यांचा काळ, आणि सगळे अल्बम डिस्कॉर्ड या छोट्या कंपनीचे. ती गायक-गिटारवादक इयन मकाय यानेच जेफ नेल्सनसोबत १९८० मध्ये सुरू केली होती. ‘निर्वाणा’ या रॉक बँडच्या यशानंतर बड्या कंपन्या असे बँड शोधत फिरत होत्या. फुगाझीलाही विचारणा झाली, पण ते बधले नाहीत.

खरी गोष्ट आहे ती खर्चाच्या हिशेबात. तिकीट साधारण पाच डॉलर आणि शक्यतो सगळ्या वयाच्या मुलांना प्रवेश, त्यामुळे नेहमीच्या क्लबांऐवजी चर्चचे आणि वस्तीतले हॉलही ते घ्यायचे. टी-शर्ट विकायचे नाहीत. समोरच्या गर्दीत कुणी मारामारी करू लागला तर वाजवणं थांबवून त्याला समज द्यायचे. तरी ऐकलं नाही तर पाकिटात घालून ठेवलेले पाच डॉलर हातात देऊन बाहेर काढायचे! प्रेक्षकांची इतकी काळजी घेणारा दुसरा बँड मला तरी माहीत नाही.

अर्थात नुसत्या तत्त्वांवर कुणी ऐकत नाही. त्यांचं ‘वेटिंग रूम’ हे गाणं लावा. बेसवादक जो लॅली याचा बेस गिटार सुरू होतो, बाकीचे येतात, आणि मध्येच सगळं थांबतं. क्षणभर पूर्ण शांतता, मग पुन्हा तोच बेस.

‘द आर्ग्युमेंट’ (२००१) हा शेवटचा अल्बम. त्यानंतर बँड थांबला, पण २०११ पासून शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंग त्यांनी ऑनलाइन खुली केली आहेत.