‘तो त्रास’ म्हणजे कोणता, ते सरळ लिहा ना

या महिन्यात एकाच विषयावर चार पत्रं आलीत म्हणून बाकीचे प्रश्न मागे ठेवलेत, रागावू नका. गंमत म्हणजे चारपैकी तिघांनी लघवी हा शब्दच लिहिलेला नाही. ‘तो त्रास’, ‘खालचा प्रॉब्लेम’, ‘ते होतं’. मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, तिथेही हेच. बाई डॉक्टरांसमोर गुडघा सांगणार, पित्त सांगणार, झोप लागत नाही सांगणार, आणि उठून दारापर्यंत गेली की माझ्या कानात, ‘सिस्टर, अजून एक होतं’. तोवर डॉक्टरांनी पुढच्याचा पेपर हातात घेतलेला असायचा.

प्रश्न : सिस्टर, माझं वय 58. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल. पाच-सहा वर्षं तो त्रास आहे. शिंक आली, हसले, पाण्याची कळशी उचलली की होतं. गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून कोरडा खोकला मागे लागलाय त्यामुळे आता रोजचंच झालंय. एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी तुळजापूर, अक्कलकोट करून आल्या, मी गुडघ्याचं कारण सांगून घरी. माहेरी जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. पोथी वाचायला बसले आणि मधेच काही झालं तर परत अंघोळ, मग पोथीच बंद केली. हे वयाने होतंच ना? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : वयाने वाढतं, पण ‘होतंच’ म्हणून गप्प बसायचं असं नाही. तुमचं जे आहे ते असं की लघवीच्या पिशवीचं तोंड आवळून धरणारे खालचे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेत, पाळी गेल्यावर आणखी सैल पडलेत. बटव्याची नाडी ढिली झाली की कसं, नुसता धरला तर काही नाही पण दाबला की आतलं बाहेर. खोकला, शिंक, कळशी म्हणजे तो दाब.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, बीपीची गोळी आणि कोरडा खोकला. गोळीचं पाकीट घ्या आणि नाव वाचा. शेवटी ‘प्रिल’ असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल असं काही, तर त्या गोळीने काहींना असा खोकला लागतो, औषधाच्या दुकानातून कितीही सिरप आणा तो जात नाही. गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं की खोकला येतो आणि खोकल्याने लघवी निसटते. ते बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची गोळी देतात. निम्मं काम तिथेच होईल कदाचित.

उरलेलं काम व्यायामाचं. 1948 साली आर्नल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हा लिहून काढला म्हणून केगेल म्हणतात, नाव जाऊ दे, कृती बघा. चार माणसांत बसलोय आणि गॅस सुटू नये म्हणून आपण जसं आतून वर ओढून घेतो ना, तेच. पोट आत घ्यायचं नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. आवळून मनात पाचपर्यंत मोजा, सोडा, तेवढाच वेळ सैल राहू द्या, मग परत. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि कमीत कमी तीन महिने. हे तीन महिने फार जणी करत नाहीत, पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. मालिकेत जाहिराती लागल्या की करा म्हणजे लक्षात राहतं. सुरुवातीला पडून करा, जमायला लागलं की बसून, मग उभ्याने. लघवी करताना मधेच धार थांबवून बघायची सवय मात्र लावू नका, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही त्याने. आणि एक छोटी युक्ती, शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळून धरायचं, कळशी उचलायच्या आधीही. सवय झाली की आपोआप होतं.

पाणी बंद करणं थांबवा. लघवी घट्ट पिवळी झाली की पिशवीला ती जास्त टोचते, वर बद्धकोष्ठ होतं आणि संडासला कुंथून तेच स्नायू अजून ढिले पडतात. थोडं थोडं पीत राहा, चहा मात्र कमी.

स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा दाखवाच. अंग बाहेर आल्यासारखं, खाली काहीतरी ओढल्यासारखं वाटत असेल तर तेही सांगा. पाळी गेल्यानंतर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, व्यायाम नीट शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, आणि यातल्या कशानेच भागलं नाही तर लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवायचं ऑपरेशन असतं, पण ते शेवटी.

आणि पोथी. माझी आई नव्वदीत पलंगावर बसून हरिपाठ म्हणायची, खाली रबरी शीट, शीटवर जुन्या लुगड्याची घडी. घडी ओली झाली की मला हाक, मी बदलायची, तोवर अभंग थांबलेला नसायचा. तिला तुम्ही ओवळी म्हणणार का? पोथी सुरू करा.

एसटीचं राहिलंच. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते काय गुडघ्याला कुरवाळत घरी बसायला दिलेलं नाही. पुढच्या बाजूची, कडेची सीट घ्या, खिडकीची नको. लघवीसाठीचे वेगळे पॅड मेडिकलमध्ये मिळतात, पाळीचे पॅड त्या कामाचे नाहीत, लघवी एकदम येते आणि ती त्यात तेवढी शोषली जात नाही. पिशवीत एक परकर, एक जाड प्लास्टिकची पिशवी. बस सुटायच्या आधी स्टँडवर जाऊन या, लागलेली असो नसो.

प्रश्न : मी शिक्षिका, वय 36. खोकल्याने काही होत नाही पण घरी आले, कुलपाला किल्ली लावली की एवढी जोरात लागते की बाथरूमपर्यंत पोचत नाही. हसू येईल तुम्हाला. (लातूर)

उत्तर : हसू कशाला येईल, किल्लीची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की विचारू नका. नळाचं पाणी वाहताना दिसलं की लागणाऱ्याही असतात. हा प्रकार वरच्या ताईंपेक्षा वेगळा, इथे तोंड ढिलं नाही तर पिशवीच उतावीळ आहे, भरायच्या आधीच आकसते. आधी लघवी आणि शुगर तपासून घ्या. मग तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता गेले, किती झाली (स्वयंपाकघरातला जुना मापाचा मग त्यासाठीच बाजूला काढा), काय प्यायले, कधी निसटली. ही वही घेऊन गेलात तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. किल्लीपाशी कळ आली की पळायचं नाही. तिथेच उभं राहायचं, खालून पटापट पाच-सहा वेळा आवळायचं, कळ ओसरली की मग चालत जायचं. दर तासाला जात असाल तर सव्वा तासावर न्या, ते जमलं की दीड. सहा आठवडे तरी द्या. नाही जमलं तर गोळ्या आहेत, तोंड कोरडं पडतं त्यांनी, बद्धकोष्ठही होतं, पण उपयोग होतो. स्टाफरूमचे चार चहा दोनावर आणा. आणि शाळेतलं बाथरूम घाण म्हणून सकाळी दहापासून पाचपर्यंत धरून ठेवत असाल, जे बहुतेक शिक्षिका करतात, तर मुख्याध्यापकांशी भांडा, पिशवीशी नको.

प्रश्न : सासूबाई 79 वर्षांच्या. गुडघे गेलेत, रात्री तीन-चारदा उठतात आणि वेळेत पोचत नाहीत. दोनदा पडल्या. ओले कपडे कपाटामागे लपवून ठेवतात, वास यायला लागला की मला कळतं. मिस्टर म्हणतात डायपर आण, आणला तर त्यांनी फेकून दिला, ‘मी काय लहान मूल आहे का’. मी ऑफिसमधून येऊन हे सगळं करते, कधी कधी ओरडते आणि मग रात्रभर वाईट वाटतं. (डोंबिवली)

उत्तर : तुमच्या सासूबाईंची पिशवी कदाचित ठीकच असेल, गुडघे वेळेवर पोचवत नाहीत एवढंच. त्यामुळे आधी गुडघे आणि बाथरूम यांच्यातलं अंतर कमी करा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, रात्री छोटा दिवा, वाटेतलं पायपुसणं काढून टाका (पडायला तेच कारण असतं). आणि परकराची नाडी! वॉर्डात मी पाहिलंय, बाई वेळेत पोचलेली असते, पण सांधे सुजलेल्या बोटांनी गाठ सुटत नाही आणि तिथेच उभ्या उभ्या होतं. रात्री गाऊन घालू द्या, साडीचा हट्ट असेल तर परकराला इलॅस्टिक.

गोळ्यांची पिशवी पलंगावर ओता. पायाच्या सुजेची किंवा बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चाललीय का बघा, डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेता येते का. डायबिटीसच्या काही नवीन गोळ्यांनीही लघवी वाढते. संध्याकाळनंतर पाणी कमी, पण दिवसाचं कमी करू नका. दुपारी पाय उशीवर वर ठेवून झोपवलं तर पायातलं पाणी दिवसाच निघून जातं, रात्रीच्या फेऱ्या घटतात. हे अचानक वाढलं असेल, त्या बरळत असतील, ताप किंवा जळजळ असेल, तर इन्फेक्शन तपासा. लघवी धरायच्या जुन्या गोळ्या, ऑक्सिब्युटिनिनसारख्या, या वयात डोक्याचा गोंधळ करू शकतात, शेजारणीला चालल्या म्हणून आणून देऊ नका.

डायपरबद्दल. तो शब्दच वापरू नका. पॅन्टसारखा वर ओढायचा प्रकार मिळतो, कंबर टेपने मोजून आणा, मोठा आणला की मांडीकडून गळतो. ‘आई, रात्रीपुरती ही चड्डी’ म्हणा, आणि त्यांना स्वतःला घालू द्या. दिवसा चालत जाता येतंय तोवर दिवसा नको, तुमची सोय होईल पण त्यांचं उठणं बंद होईल. ओला झाला की बदलायचा, साध्या पाण्याने धुवून, टिपून, झिंक ऑक्साइडचं मलम. पावडर नको, ती ओली होऊन घड्यांत गोळे होतात. कपाटामागच्या कपड्यांसाठी बाथरूममध्ये झाकणाची बादली ठेवा आणि ‘यात टाका, मी काही विचारणार नाही’ एवढं सांगा. खरंच विचारू नका मग.

आता मिस्टर. डायपर आण म्हणणं सोपं आहे हो. शनिवार-रविवार रात्रीचं त्यांच्याकडे द्या, आई त्यांची आहे. सासूबाई मुलाकडून करून घ्यायला लाजतील, पहिले दोन दिवस, पण निदान चादर बदलणं, बादली धुणं यात लाजण्यासारखं काय आहे? तुम्ही ओरडता कारण तुम्ही दमलाय. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन फुकट आहे, घरी मदत कुठे मिळेल ते विचारा. तुमच्या स्वतःच्या मनाचं बोलायला 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय 67. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यापासून लघवी थेंब थेंब गळते. फुटाळा तलावावर सकाळी फिरायला जायचो, ते बंद केलं. आता हे असंच राहणार का? (नागपूर)

उत्तर : लघवी हा शब्द लिहिणारे तुम्ही एकटेच, त्याबद्दल आधी आभार. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर असं गळणं खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं वर्षभरात बरंच कमी होत जातं, चार महिने म्हणजे अजून अर्ध्या वाटेत आहात. वर लिहिलेला व्यायाम पुरुषांनाही तोच, खुर्चीतून उठताना आणि पायऱ्या चढताना आधी आवळायचं. पुरुषांसाठीचे पॅड मिळतात, चड्डीत पुढच्या बाजूला बसतात, बाहेरून दिसत नाहीत. लांबचा प्रवास असेल तर कंडोमसारखं बाहेरून लावायचं कॅथेटर आणि पायाला बांधायची पिशवी असते. वर्षानंतरही फार गळत असेल तर कृत्रिम झडप बसवतात, युरोलॉजिस्टना विचारा. धार अगदी बारीक झाली, ओटीपोट ताठ लागलं आणि तरी थेंब थेंबच येतेय, तर ती तुंबलेली लघवी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा. लघवीत रक्त दिसलं तरी थांबू नका. आणि एकाएकी पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर रात्र असली तरी निघायचं, हे सगळ्यांनाच सांगते.

फुटाळा मात्र उद्यापासून सुरू करा, गडद रंगाची पॅन्ट घालून. तुमच्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे सहा जण असतील तर त्यातला एखादा तरी एका फेरीत दोनदा झाडाआड जातोच. त्याच्या बरोबरीने चालायला लागा आणि पहिल्यांदा तुम्हीच विषय काढा.