बँकेची नोटीस लागलेले बंद घर

प्रश्न : आमच्या वाडीतील एक चिरेबंदी, कौलारू घर बरीच वर्षे बंद आहे. कर्ज थकल्यामुळे बँकेने दारावर ताब्याची नोटीस चिकटवली, परंतु पुढे ना लिलाव झाला ना घर सुटले. दर पावसाळ्यात कौले सरकून पडवीचे वासे कुजत आहेत. मुंबईस्थित मालक घर विकण्यास तयार असून विसार मागतात. बँक मात्र ‘प्रकरण चालू आहे’ एवढेच सांगते. आम्ही काय करावे? – एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : मालकांच्या हाती विसाराचा एक रुपयाही देऊ नये. सरफेसी कायदा, २००२ (थकीत कर्जासाठी तारण मिळकत ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) नुसार कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीवाचून तारण मिळकत विकता येत नाही. त्यामुळे अशा संमतीविना केलेले साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) आपल्याला घर मिळवून देणार नाही, उलट दिलेल्या पैशांसाठी कोर्टाची पायरी मात्र चढावी लागेल.

दारावरची नोटीस नीट वाचावी. ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द असतील, तर बँकेने ताबा केवळ कागदोपत्री घेतला आहे, आणि मालकांनी सहकार्य न केल्यास प्रत्यक्ष ताब्यासाठी तिला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. प्रकरण अडते ते बहुधा येथेच, किंवा कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितल्यामुळे. आपल्याकडे आणखी एक अडचण नेहमीची आहे : घर सामाईक असते, गहाणखतावर सही एकाच भावाची असते आणि बाकीचे हिस्सेदार दिवाणी दावा लावतात. म्हणून सातबाऱ्यावरील सर्व नावे, ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा एकत्र तपासावा. घराखालची जमीन अद्याप शेतीची असेल, तर शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी कायदा लागू होत नाही, आणि आपण शेतकरी नसल्यास खरेदीसाठी परवानगीही लागते.

हे सारे स्वच्छ निघाले, तर मालकांनाच बँकेकडे एकरकमी परतफेडीचा लेखी प्रस्ताव द्यायला लावावा, ठरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि बँकेचे संमतिपत्र हाती आल्यावरच खरेदीखत नोंदवावे. माझ्या मते लिलावाची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग बरा. लिलावात २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी आणि उरलेली साधारणपणे १५ दिवसांत भरावी लागते, ती न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात, आणि मिळकत ‘जशी आहे, जेथे आहे’ तत्त्वावर मिळत असल्याने हिस्सेदारांचा वादही आपल्याच पदरी येतो.

घराची पडझड पाहून आपला जीव तुटतो, हे पत्रातून जाणवते; तरीही स्वतःहून कुलूप उघडून डागडुजी करू नये. प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असेल, तर सुज्ञ मालकाप्रमाणे मिळकतीची काळजी घेणे नियमांनुसार तिच्यावर बंधनकारक आहे. त्या नियमाचा उल्लेख करून, पावसाआधी कौले शाकारून घ्यावीत, असा लेखी अर्ज शाखेत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.