माझी तीन वर्षांची मुलगी मालवणला आजोळी असते. ती काय बोलते-गाते ते अर्धंच कळतं: 'तावला उलाला', 'मी करलं' म्हणते, गणपतीच्या आरतीत 'फळीवर वंदना' गाते. कसं समजून घ्यावं?

'तावला उलाला', 'मी करलं' आणि आरतीतलं 'फळीवर वंदना' ही तुमची तिन्ही उदाहरणं सारखीच गमतीची वाटली तरी तीन वेगळ्या कारणांची आहेत.

'तावला उलाला' म्हणजे 'कावळा उडाला', हा जिभेचा प्रश्न. क-ग टाळूच्या मागे उच्चारायचे असतात, लहान मुलं ते पुढे दातांपाशी आणतात: क चा त, ग चा द. र, ळ आणि मधला ड यांचा बहुधा ल. आठवडाभर तिचे पंधरा-वीस शब्द वहीत लिहा आणि त्या वेळी समोर काय होतं तेही. अदलाबदल सापडली की उलटी लावायची. मग 'तोंबला' म्हणजे कोंबडा हे आपोआप कळतं. मात्र तिला 'तावला' म्हणून चिडवू नका. 1960 साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी एका मुलाबद्दल लिहिलंय: तो 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की नाही म्हणायचा. कानाला फरक कळत असतो, जीभ वळत नसते.

'करलं' तर मला प्रगतीच वाटते. बस-बसलं, पड-पडलं यावरून नियम काढला आणि 'कर'ला लावला. 'येला', 'मरला' त्याच गोत्रातले. चूक दाखवू नका, 'हो, तू केलंस!' एवढं म्हणा. आजीचं 'खंय' आणि तुमचं 'कुठे' एका वाक्यात आलं तर ती चूकसुद्धा नाही, दोन्ही तिच्या घरातलेच शब्द.

आता आरती. मूळ शब्द 'फणिवरबंधना', म्हणजे कमरेला मोठा नाग बांधलेला. हा शब्द एरवी घरात कोण बोलतं? वर झांजांचा गजर, त्यात व्यंजनं बुडतात. चवथीला तिला दिसतं काय, तर माटीखाली (वर टांगलेल्या, फळं-पानांनी सजवलेल्या चौकटीखाली) फळीवर बसलेला गणपती आणि हात जोडलेली माणसं. मग 'फळीवर वंदना' अगदी बरोबरच की! 'संकटी'चं 'संकष्टी' होतं तेही घरातल्या उपासामुळे. (मोठेही बिनदिक्कत तसंच म्हणतात.) सुधारायचंच असेल तर झांजा थांबवून 'फणि-वर-बंधना' असं तोडून म्हणा, आणि मूर्तीच्या पोटावर नाग असेल तर बोटाने दाखवा.

बोलणं कळलं नाही तर नुसतं 'काय?' विचारू नका, ती तेच पुन्हा म्हणेल. कळलेला तुकडा परत द्या: 'आजीने काय आणलं?' म्हणजे उरलेला एकच शब्द ओळखायचा राहतो.

तीन वर्षांच्या मुलाचं साधारण तीन-चतुर्थांश बोलणं परक्या माणसालाही कळावं, चार वर्षांपर्यंत जवळजवळ सगळं. तिचं घरच्यांनाच अर्धं कळत असेल तर आधी कान तपासून घ्या, विशेषतः सर्दी वारंवार होत असेल तर.