कोंडा, ताण आणि खाजवणारा हात

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जवळजवळ सगळं अभ्यासाबद्दल आहे. कोंड्याबद्दल अगदी शेवटी दोनच ओळी, त्याही संकोचून लिहिलेल्या. गडद रंगाचे शर्ट घालायचं सोडलंस, आणि कोणी मागच्या बाकावर बसलं की तुझं लक्षच लागत नाही. मी त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे लगेच काहीतरी करता येण्यासारखं आहे.

कोंडा हा अस्वच्छतेचा पुरावा नाही, हे आधी मनात पक्कं कर. 'टेन्शन घेतोस म्हणून होतो' हेही अर्धंच खरं. बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या डोक्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी राहते. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल ती फोडते, हवं तेवढं वापरते आणि ओलेइक आम्लासारखे पदार्थ मागे ठेवते. काहींना त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींची त्वचा मात्र त्याने चिडते आणि नव्या पेशी भराभर तयार करू लागते. एरवी त्वचेची पेशी खालून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो, आणि ती गळलेली कळतही नाही. घाई झाली की पेशी एकमेकींना चिकटून पापुद्र्यांनी सुटतात. तोच तुझ्या खांद्यावरचा पांढरा भुगा. वयात येताना तैलग्रंथी जोरात कामाला लागतात, म्हणून हा त्रास तरुणपणी जास्त दिसतो. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना तो कधी ना कधी होतोच.

मग ताणाचा संबंध कुठे येतो? ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. त्वचेच्या वरच्या थराची डागडुजी त्या काळात मंदावते. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या त्वचेला सावरायला जास्त वेळ लागतो, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे बुरशी तीच, तेल तेच, पण तग धरण्याची त्वचेची ताकद कमी झालेली. त्यात जागरणं होतात आणि डोकं धुणं पुढे ढकललं जातं.

पण मला विचारशील, तर या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान तुझा हात करतो. अवघड गणित समोर आलं की डावा हात आपोआप कानाच्या वर जातो, नखाने एकच जागा खरवडत राहतो, आणि थोड्या वेळाने वहीच्या मधल्या घडीत पांढरे कण साचलेले दिसतात. मग ते फुंकर मारून उडवायचे, मोबाईलच्या काळ्या पडद्यात खांदे न्याहाळायचे, आणि गणित राहिलं बाजूलाच. खाजवल्याने क्षणभर बरं वाटतं, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. नखांनी त्वचा सोलवटते, आग वाढते, खाज वाढते, आणि लोक काय म्हणतील हा घोर वेगळाच. हे चक्र तोडायचं तर सुरुवात मनापासून नको, डोक्याच्या त्वचेपासून कर. 'आधी शांत हो, मग कोंडा जाईल' असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. खाज थांबली की मनही पुष्कळ हलकं होतं.

शॅम्पू घेताना जाहिरात बघू नकोस, बाटलीमागची घटकांची यादी वाच. किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड यांपैकी एक नाव त्यात हवं. ही औषधं बुरशीची वाढ रोखतात. सॅलिसिलिक आम्ल पापुद्रे सैल करतं, त्याचाही उपयोग होतो. बहुतेक जण चुकतात ते वापरण्यात. फेस केसांवर येतो आणि लगेच धुऊन जातो, त्वचेपर्यंत औषध पोहोचतच नाही. तू केस भांगाभांगाने बाजूला कर, शॅम्पू मुळाशी लाव, बोटांच्या पेरांनी हलकेच चोळ (नखं नकोत), आणि घड्याळ लावून पाच मिनिटं तसाच ठेव. बाटलीवर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळ. आठवड्यातून दोनदा, असं चार आठवडे. बरं वाटल्यावर एकदम बंद करू नकोस, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा चालू ठेव. कोंडा कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. महिन्याभरात फरक पडला नाही तर दुसऱ्या घटकाचा शॅम्पू घे. आणि त्वचा कोरडी पडली असं समजून तेल थापू नकोस. बुरशीला तेच हवं असतं.

हाताचंही बघ. खाज आली की त्या जागी तळवा दाबून धर किंवा ओला गार कपडा ठेव. अभ्यासाला बसताना रिकाम्या हातात पेन्सिल दे. खांदे दिवसातून एकदाच बघायचे, घरातून निघताना.

ताणाबद्दल थोडंच लिहितो, कारण लांबलचक उपदेश तुला नकोच असणार. झोपायची वेळ हुकली तरी उठायची वेळ रोज एकच ठेव. रोज अर्धा तास चालायला जा, मोबाईल न घेता. रात्री डोक्यात घोळणाऱ्या गोष्टी कागदावर उतरव आणि प्रत्येकीपुढे उद्या करायचं एकच काम लिही. काही सुचलं नाही तर जागा कोरी सोड. छातीत धडधडायला लागलं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, काही मिनिटं.

एक मात्र अंगावर काढू नकोस. भुवया, नाकाच्या कडा किंवा कानामागे लाली आणि पापुद्रे दिसले, जाड चंदेरी खपल्या धरल्या, जखमेतून पाणी येऊ लागलं, किंवा केसांचे पुंजके जाऊन चट्टे पडले, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तो सोरायसिस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो किंवा वेगळा संसर्ग, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. तसंच कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर समुपदेशकाला भेट. तिथे जायला जीव अगदी मेटाकुटीला यायची वाट बघायची नसते.

महिन्याने मला लिही. कोणता घटक वापरलास, रात्री खाजेने जाग येते का, आणि सकाळी किती वाजता उठतोस, एवढं कळव. अभ्यासाच्या वेळापत्रकाचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर