जुन्या मेटल बॉडीच्या ड्रिलची दोन पिनची वायर काढून थ्री-पिन लावली तर मशीन सेफ होतं का?

तुम्ही विचारलंय की आजोबांचं जुनं मेटल बॉडीचं ड्रिल माळ्यावर सापडलंय, वायर कुजलीय, दोनच पिन आहेत, तर थ्री-पिन वायर घरी लावता येईल का आणि त्याने मशीन सेफ होईल का. लावता येईल, हात चालत असेल तर तासाभराचं काम आहे. सेफ होईल का याचं उत्तर मात्र मी एका शब्दात देणार नाही, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या काकांचं २००५ पासून वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

काकांचं मिरजेला फॅब्रिकेशनचं दुकान. ग्रिल, गेट, जिने, पत्र्याच्या शेड. मी आयटीआयला वायरमन ट्रेड करून नुकताच बाहेर पडलेलो आणि त्यांच्याकडेच काम करायचो. दुकानात अर्ध्या इंची चकचं एक इंग्लंडचं ड्रिल होतं, बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून काकांनी उचललेलं, ॲल्युमिनियमची ओतीव बॉडी, पाच-सहा किलो वजन, छातीचा जोर लावून भोक पाडायचं. काकांचा त्या ड्रिलवर फार जीव. त्याची वायर म्हणजे वरून कापडाची वेणी आणि आत रबर, वाकवली की आतलं रबर खारीसारखं चुरचुरून खाली पडायचं. आत मूळच्या तीन वायरी होत्या पण हिरवी कुणीतरी कधीच कापून टाकलेली. टोकाला दोन पिन, आणि साइटवर गेलं की तो प्लगही काढून उघडी टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि वरून काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. ज्यांनी साइटवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको.

पावसाळ्यात त्या ड्रिलला हात लावला की मुंग्या यायच्या. टेस्टर टेकवला की बॉडीवर पेटायचा. काकांना सांगितलं की ते म्हणायचे, चप्पल घाल की लेका. दुकानातली सेफ्टी म्हणजे चप्पल, बाकी काही नाही.

मग एका रविवारी दुकान बंद असताना मी ते ड्रिल खोललं. ते काम मी नीट केलं होतं हे आजही छातीठोकपणे सांगतो, आणि तुम्हालाही तसंच करायचंय म्हणून सविस्तर लिहितो. हँडल उघडल्यावर आधी आतला काळा कार्बन ब्रशने झाडून काढला, कारण बॉडीवर करंट उतरायचं निम्मं कारण तोच असतो, ब्रश झिजून झिजून त्याची पूड ब्रश होल्डरपासून बॉडीपर्यंत बसते आणि दमट हवेत तीच वायरीचं काम करते. मग इन्स्टिट्यूटमधल्या एका सरांकडून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणारा मीटर, आणला आणि वाइंडिंग (मोटरच्या आतली गुंडाळलेली तार) ते बॉडी रीडिंग घेतलं. दोन मेगाओहमच्या खाली आलं तर वायर बदलायचा विचार नंतर करा, आधी वाइंडरकडे न्या. माझं झाडून, उन्हात ठेवून पाचच्या पुढे गेलं. नवीन वायर घेतली दीड स्क्वेअर एमएमची थ्री-कोअर रबर केबल, पीव्हीसी नाही, पीव्हीसीवर गरम छिलका पडला की ती वितळते आणि थंडीत कडक होऊन हँडलपाशीच तुटते. फेज स्विचवर घेतला, न्यूट्रल सरळ. हिरव्या वायरीला रिंग लग क्रिंप केला, बॉडीच्या आतल्या बाजूला कानशीने रंग खरवडून पांढरी धातू दिसेपर्यंत जागा केली, स्टार वॉशर घातला आणि त्या लगसाठी वेगळा स्क्रू पाडला. स्विचच्या नाहीतर झाकणाच्या स्क्रूखाली अर्थ दाबणारे लोक आहेत, पुढच्या वेळी कोणीतरी झाकण उघडतो, लग बाजूला पडतो आणि कुणाला कळतही नाही. हिरवी वायर आत इतर दोघींपेक्षा दीड-दोन इंच जास्त सोडली, म्हणजे केबलला हिसका बसून वायरी निसटल्याच तर अर्थ सगळ्यात शेवटी निसटेल. केबल आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि आत क्लॅम्प, ओढ क्लॅम्पवर आली पाहिजे, जोडावर नाही. क्लॅम्पऐवजी गाठ मारू नका. पिळून टेप गुंडाळलेला जोड तर हँडलच्या आत अजिबात नको. शेवटी प्लगच्या मोठ्या पिनपासून चकपर्यंत मीटर लावला, अर्ध्या ओहमच्या आत.

मग सॉकेट तपासलं. इथे माझी चूक झाली.

टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये घातल्या, बल्ब पेटला. फेज आणि अर्थच्या मोठ्या भोकात घातल्या, तसाच लख्ख पेटला. आयटीआयमध्ये आम्हाला एवढंच करून दाखवलं होतं, बल्ब पूर्ण पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं. मी खूश. काकांना दाखवलं, काका म्हणाले बरं बरं.

दीड-दोन महिन्यांनी मे महिना. २००५ चा उन्हाळा ज्यांना आठवतो त्यांना लोडशेडिंग आठवेल, ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. दुपारी धाकटा चुलतभाऊ ड्रिल चालवत होता, मध्येच मशीन बंद पडलं, वरचा बल्ब विझला, फॅन थांबला. सगळे म्हणाले, गेली लाइट. भावाने ड्रिल टेबलावर ठेवलं, चहा प्यायला, परत आला आणि तोवर बिट बदलून ठेवू म्हणून एका हाताने लोखंडी व्हाइसला रेलला आणि दुसऱ्याने ड्रिल उचललं. तोंडातून आवाजसुद्धा आला नाही. हात ड्रिलवर आवळलेला, मान मागे, आणि मला कळायलाच दोन सेकंद गेले कारण डोक्यात होतं की लाइट नाहीये. मी धावत जाऊन प्लग उपटला. तो खाली पडताना कपाळ टेबलाच्या अँगलला लागलं, चार टाके पडले, आणि अंगठ्याच्या पेरावर जो पांढरा डाग पडला तो आजही आहे. वाचला हे नशीब.

लाइट गेलेलीच नव्हती. जुना बोर्ड, फेजलाही किटकॅट (तारेचा जुना फ्यूज) आणि न्यूट्रललाही किटकॅट, आणि त्या दिवशी न्यूट्रलच्या किटकॅटमधली तार तुटली होती. आता पुढचं नीट बघा. सॉकेट खोललं तर आत न्यूट्रलपासून अर्थच्या पॉइंटला दोन इंचांचा काळ्या वायरीचा तुकडा जोडलेला. दुकानात अर्थिंग नव्हतंच, बोर्ड बसवणाऱ्याने तुकडा मारून तिसरं भोक भरून दिलेलं. वर न्यूट्रल तुटलेला, बल्बचा स्विच चालू, म्हणजे फेज बल्बमधून न्यूट्रलवर आला, न्यूट्रलवरून त्या तुकड्यातून अर्थच्या भोकात, आणि तिथून मी प्रेमाने जोडलेल्या हिरव्या वायरीतून ड्रिलच्या बॉडीवर. बल्बमधून येऊन असा कितीसा करंट येणार असं म्हणतात लोक, १०० वॅटच्या बल्बमधून ४०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतो आणि माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर गेला की तिथून पुढे जिवाशी खेळ.

आणि माझी बल्बची टेस्ट? न्यूट्रल आणि अर्थ आत जोडलेले असतील तर बल्ब पेटणारच. बल्ब पेटला म्हणजे त्या भोकात काहीतरी आलंय एवढंच कळतं, ते जमिनीतून आलंय की शेजारच्या भोकातून हे कळत नाही. दोन स्क्रू काढून बोर्ड उघडला असता तर दिसलं असतं. मी उघडला नाही.

त्या संध्याकाळी काकांनी स्वतःच्या पकडीने हिरवी वायर कापली आणि म्हणाले, दोन वायरी होत्या तोवर वीस वर्षं कुणाला काही झालं नाही, तू तिसरी जोडलीस आणि पोरगं मरता मरता वाचलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापुरतं त्यांचं बरोबर होतं. दोन वायरींचं ड्रिल असतं तर बॉडीवर काही आलं नसतं. हे मी कधी नाकारलं नाही. पण त्यावरून तिसरी वायरच वाईट हे मी मानत नाही आणि मरेपर्यंत मानणार नाही. मुंग्या येत होत्या त्या काय होत्या? एखाद्या पावसाळ्यात ओल्या स्लॅबवर वाइंडिंग पूर्ण बॉडीला लागलं असतं तर चप्पल किती पुरली असती? शिवाय त्या सॉकेटमध्ये ड्रिलच्या जागी दुकानातला पाण्याचा कूलर लावला असता तरी हेच झालं असतं, मग काय कूलरचीही तिसरी वायर कापायची? दोष त्या दोन इंचांच्या तुकड्याचा, आणि तो न बघणाऱ्याचा, म्हणजे माझा.

दुसऱ्या आठवड्यात मी दुकानामागे खड्डा खणला, आठ फुटी जी.आय. पाइप, कोळसा, मीठ, तिथून ८ नंबरची जी.आय. वायर बोर्डापर्यंत. न्यूट्रलचा किटकॅट काढून लिंक टाकली. तुकडा अर्थातच काढला. नंतर पैसे साठवून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे करंट वाट सोडून बाहेर गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. काका तरी दोन पिनच वापरत राहिले, दुकान भावाच्या हातात गेलं तेव्हा कुठे हिरवी वायर परत लागली. ती भावानेच स्वतः लावली, ज्याला झटका बसला त्याने. दिवाळीला गेलो की काका अजून त्याच्या कपाळाकडे बोट दाखवतात.

म्हणून तुम्हाला सांगतो, ड्रिल उघडायच्या आधी बोर्ड उघडा. मेन पाडा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन हवा, टेस्टरने खात्री करा, मग सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. बीप वाजला तर आत कुठेतरी तुकडा मारलेला आहे किंवा गडबड आहे, तो सापडेपर्यंत थ्री-पिन लावू नका. तिसरं भोक नुसतंच रिकामं असेल तर थ्री-पिन प्लग लावून काहीही मिळवलेलं नाही, मनाचं समाधान फक्त. एमसीबीच्या, म्हणजे शॉर्ट किंवा जास्त लोड झाला की पडणाऱ्या स्विचच्या, भरवशावर राहू नका, ६ अँपिअरची एमसीबी माणसातून जाणाऱ्या करंटला ढिम्म हलत नाही. आरसीसीबी बसवा, तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि उगाच ट्रिप होते म्हणून ती काढून टाका असं सांगणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दारातून परत पाठवा. खरं अर्थिंग असून वर तुकडाही मारलेला असला की लोड टाकल्यावर ती ट्रिप होते, ती तेच सांगत असते.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या राहिल्या. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला मुळातच दोन वायरी असतात, तिथे बॉडीला अर्थ जोडायच्या भानगडीत पडू नका, तशीच चांगली दोन कोअरची वायर घाला. मशीन परदेशी असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. जुन्या जर्मन मशीनमध्ये लाल वायर ही अर्थची असायची, आपल्याकडे लाल म्हणजे फेज, नुसता रंगाला रंग जोडला तर स्वतःच्या हाताने बॉडीवर फेज द्याल. अमेरिकन मशीनमध्ये काळी म्हणजे फेज आणि ते १२० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर सरळ लावलं तर जळेल. प्रत्येक वायर कुठे जाते ते मीटरने बघून मगच जोडा. काही जुन्या मशीनमध्ये रेडिओची खरखर थांबवायला बॉडीला जोडलेला कंडेन्सर असतो, तो जुना होऊन लीक झाला की सगळं नवीन करूनही मुंग्या येतात आणि आरसीसीबी पडते, तो बदलावा लागतो. कापडी वायरीचा ओरिजिनल लुक जपायचा असेल तर मशीन शोकेसमध्ये ठेवा, चालवू नका. आणि मीटर धरायची सवय नसेल तर हे सगळं लायसनवाल्या वायरमनकडून करून घ्या, फक्त तो काम करत असताना शेजारी उभे राहा.

पुढे काही विचारायचं असेल तर फोटो टाका, पण ड्रिलचा नको, मेन पाडून सॉकेट उघडा आणि आतला टाका.