नागपूरचा एसटीडी कोड ०७ने आणि पुण्याचा ०२ने का सुरू होतो?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: एकाच राज्यात असूनही नागपूरचा एसटीडी कोड (बाहेरगावी फोन लावताना क्रमांकाआधी फिरवायचा आकडा) ०७ने आणि पुण्याचा ०२ने का सुरू होतो, मुंबईचा कोड आखूड आणि तालुक्याच्या गावांचा लांब का, आणि जुन्या कागदांवर दिसणारा पुण्याचा ०२१२ हा कोड पुढे कुठे गेला. माझी बरीचशी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण तो उलगडला की उरलेले दोन समजायला सोपे जातात.

पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोडच्या सुरुवातीचे शून्य हा कोडचा भाग नाही. ‘हा फोन गावाबाहेर जाणार आहे’ एवढेच ते एक्स्चेंजला सांगते, आणि म्हणूनच परदेशातून +९१ लावून फोन करताना ते गाळावे लागते. शून्य काढले की मुंबईचा कोड २२, नागपूरचा ७१२ आणि साताऱ्याचा २१६२ असा उरतो. आता त्यापुढचे क्रमांक मोजून पाहावेत. मुंबईत ते आठ अंकी, नागपुरात सात अंकी आणि साताऱ्यात सहा अंकी आहेत. कोड आणि क्रमांक मिळून सगळीकडे दहाच अंक होतात. जिथे फोन जास्त लागणार तिथे क्रमांकाला जास्त अंक हवेत, म्हणून कोड आखूड ठेवायचा. जिथे कमी लागणार तिथे कोड लांब असला तरी चालते.

ही बेरीज पूर्वी दहा नव्हे, नऊ होती. मुंबईचे क्रमांक सात अंकी, नागपूर आणि कोल्हापूरचे सहा अंकी, तर साताऱ्याचे पाच अंकी होते. पुण्याची अडचण याच बेरजेतून झाली. २१२ हा तीन अंकी कोड असल्यामुळे पुण्याच्या वाट्याला सहाच अंक येत होते. सहा अंकांत दहा लाख क्रमांक बसतात असे वाटते, पण ० आणि १ने सुरू होणारे क्रमांक ग्राहकांना देता येत नाहीत, कारण शून्य बाहेरगावासाठी आणि एक हा पोलीस, अग्निशमन, चौकशी अशा सेवांसाठी राखलेला असतो. उरतात आठ लाख. तेही एक्स्चेंजांना गठ्ठ्यांनी वाटले जातात आणि एखाद्या एक्स्चेंजच्या गठ्ठ्यातले निम्मे क्रमांक रिकामे पडले असले तरी ते शेजारच्या एक्स्चेंजला वापरता येत नाहीत. पिंपरी-चिंचवडसह वाढत चाललेल्या पुण्याला ते पुरणे शक्यच नव्हते. म्हणून कोडमधला एक अंक कमी करून तो क्रमांकाला दिला गेला आणि ०२१२चा ०२० झाला. बंगळूरचा ०८१२ जाऊन ०८०, हैदराबादचा ०८४२ जाऊन ०४० आणि अहमदाबादचा ०२७२ जाऊन ०७९ झाला, तोही याच कारणाने. दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि मुंबई धरून असे दोन अंकी कोड देशात आठच शहरांना आहेत.

हे करता आले, कारण २० हा आकडा मोकळा होता. एक्स्चेंज अंक एकेक करून वाचते; त्यामुळे २० हा एका शहराचा कोड ठरला की २०१, २०५ असे कोड दुसऱ्या कोणत्याही गावाला देता येत नाहीत. मुंबईच्या २२चेही तसेच. विदर्भ सोडून उरलेल्या महाराष्ट्राने मग २१, २३, २४ आणि २५ हे गट वाटून घेतले आहेत. पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग, सातारा, सोलापूर आणि रायगड २१मध्ये येतात; कोल्हापूर, सांगली आणि तळकोकण २३मध्ये; मराठवाड्याचा बहुतेक भाग आणि अहिल्यानगर २४मध्ये; नाशिक, खानदेश आणि कल्याण-वसईचा पट्टा २५मध्ये. लातूर मात्र मराठवाड्यात असूनही २३च्या गटात, ०२३८२ आहे.

आता नागपूर. २६पासून पुढचे गट पाहिले तर सुरत ०२६१, वडोदरा ०२६५, राजकोट ०२८१, इतकेच काय, उदयपूर ०२९४ आणि जोधपूर ०२९१ आहे. म्हणजे ०२ हा महाराष्ट्राचा आकडा नाहीच. तो देशाच्या पश्चिम विभागाचा आहे. तसाच ०७ हा मध्य विभागाचा: भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१, रायपूर ०७७१ आणि त्यांच्या जोडीला नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२, थेट बुलढाण्यापर्यंत ०७२६२. विदर्भाचे अकराही जिल्हे याच विभागात आहेत. ‘विदर्भ पूर्वी मध्य प्रांतात होता म्हणून त्याला ०७ मिळाला’ असे अनेक जण सांगतात. ते मला पुरते पटत नाही. राजकीय इतिहासावरच कोड ठरले असते, तर निजामाच्या राज्यातला मराठवाडा ०२मध्ये आला नसता. कोड देताना राज्यांच्या हद्दींपेक्षा ट्रंक लाइनींचे, म्हणजे शहरा-शहरांना जोडणाऱ्या तारांचे, जाळे कुठे एकवटते याला महत्त्व होते, आणि नागपूर हे देशाच्या मध्यावरचे मोठे ट्रंक केंद्र होते. गोव्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दूरसंचार खात्याच्या कारभारात गोवा महाराष्ट्र परिमंडळात (सर्कलमध्ये) मोडतो, पण त्याचा कोड ०८३२, म्हणजे कर्नाटकाच्या विभागातला आहे. पूर्वी पणजीला ०८३२ आणि मडगावला ०८३४ असे वेगळे कोड होते. आज सगळ्या गोव्याला ०८३२ हा एकच कोड चालतो.

लांब कोडांची रचना मला सर्वांत देखणी वाटते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ती संपूर्ण पाहायला मिळते. या जिल्ह्याचा गट २३५. त्यापुढचा एक अंक तालुका सांगतो: मंडणगड ०२३५०, लांजा ०२३५१, रत्नागिरी ०२३५२, राजापूर ०२३५३, संगमेश्वर-देवरूख ०२३५४, चिपळूण ०२३५५, खेड ०२३५६, दापोली ०२३५८, गुहागर ०२३५९. तालुके नऊ, अंक दहा; उरलेला ०२३५७ मालगुंडला मिळाला, आणि म्हणून गणपतीपुळ्याच्या लॉजचा फोन रत्नागिरी तालुक्यात असूनही रत्नागिरीच्या कोडने लागत नाही. शून्यापासून नऊपर्यंत एकही अंक शिल्लक नाही. मुख्य गावाला शेवटी २ देण्याची रीतही इथे दिसते. सातारा ०२१६२, बीड ०२४४२, नांदेड ०२४६२, जालना ०२४८२, धुळे ०२५६२, वर्धा ०७१५२, यवतमाळ ०७२३२ हे सगळे त्याच रीतीने आले आहेत. पण हा २ जिल्ह्याच्या मुख्यालयाचाच असतो असे नाही. सिंधुदुर्गात तो कुडाळकडे आहे (०२३६२), आणि सावंतवाडी ०२३६३, मालवण ०२३६५, कणकवली ०२३६७ असे बाकीचे त्यामागून येतात. भंडारा आणि गोंदिया एकच जिल्हा होता, तेव्हा मुख्यालय भंडाऱ्याला असूनही २ गोंदियाकडे होता (०७१८२) आणि भंडाऱ्याला ०७१८४ होता. १९९८ आणि १९९९मध्ये नवे जिल्हे झाले, पण त्यांसाठी कोड बदलले नाहीत. नंदुरबार आजही धुळ्याच्या गटात ०२५६४ आहे आणि हिंगोली परभणीच्या गटात ०२४५६. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या तरी तारा आणि एक्स्चेंज जागच्या जागीच होते, त्यामुळे कोड बदलण्याचे कारणच नव्हते.

या सगळ्या काटेकोरपणामागे केवळ पत्ता नव्हता, पैशांचा हिशोबही होता. १९६०मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू होईपर्यंत बाहेरगावचा फोन म्हणजे ऑपरेटरकडे ट्रंक कॉल बुक करणे. ऑपरेटर गेला, तेव्हा दर ठरवण्याचे कामही यंत्रावर आले. कोड वाचताच कोणत्या केंद्रापर्यंतचे अंतर धरायचे ते एक्स्चेंजला कळे, आणि मीटरचा पल्स, म्हणजे आकारणीचा एक ठोका, किती सेकंदांनी पडायचा ते त्यावरून ठरे. एसटीडी बूथमध्ये काचेआडच्या मीटरचे तांबडे आकडे मुंबईला लावलेल्या फोनवर भराभर आणि शेजारच्या तालुक्याला लावलेल्या फोनवर सावकाश पुढे सरकत, ते याच कारणाने. जवळच्या फोनला स्वस्त दर देण्यासाठी काही वर्षे शून्याऐवजी ९५ लावून कोड फिरवावा लागे, हेही अनेकांना आठवत असेल.

नऊची बेरीज दहा झाली ती २००२-०३च्या सुमारास. सरकारी कंपन्यांच्या जुन्या सर्व लँडलाइन क्रमांकांच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला २ हा अंक लागला, आणि ‘नुसता २ लावून क्रमांक कसे वाढले’ असा प्रश्न तेव्हा मला फार वेळा विचारला गेला. क्रमांक वाढले ते २मुळे नव्हे, तर २च्या शेजारी मोकळ्या झालेल्या अंकांमुळे. जुने सगळे फोन २च्या घरात गेल्यावर ३, ४, ५ आणि ६ ही घरे नव्या कंपन्यांसाठी रिकामी झाली. मुंबईसारख्या आठ अंकी शहरात असे प्रत्येक घर एक कोटी क्रमांकांचे, नागपुरात दहा लाखांचे आणि साताऱ्यात एक लाखाचे असते. मुंबई-पुण्यात ३ने सुरू होणारा क्रमांक रिलायन्सचा, ४ने सुरू होणारा एअरटेलचा आणि ६ने सुरू होणारा टाटांचा, अशी ओळख त्यातूनच पडली.

यापुढचा बदल मोबाइलमुळे आला. मोबाइलचे क्रमांक ९ने, मग ८, ७ आणि ६ने सुरू होऊ लागले, आणि लँडलाइनचे स्थानिक क्रमांकही त्यांतल्याच अंकांनी सुरू होत असल्यामुळे दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. त्या एका शून्याने सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक देण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आणखी पुढची शिफारस केली: क्रमांक तालुक्यापुरते राखून न ठेवता संपूर्ण परिमंडळासाठी खुले करावेत, आणि त्यासाठी लँडलाइनवरून लँडलाइनला, अगदी गावातल्या गावात फोन करतानाही शून्य आणि कोड लावावा. तसे झाले तर आज असलेला कोणाचाही कोड किंवा क्रमांक बदलणार नाही. फक्त साताऱ्यातल्या साताऱ्यात फोन करणाऱ्यालाही ०२१६२पासून सुरुवात करावी लागेल.