रशियाचं तेल घेणं थांबवून भारताने ५० टक्के शुल्क टाळायला हवं होतं का?

नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि हे मी सोलापुरात राहून सांगतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५ टक्के शुल्क लावलं. याचा फटका आमच्या टॉवेलला बसलाच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग थांबले की आधी हप्ता बुडतो तो कामगाराचा, मालकाचा नंतर. ही झळ मी कमी लेखत नाही.

पण भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. ते कुणाकडून घ्यायचं हे वॉशिंग्टनने ठरवायचं? आज तेल, उद्या आपला दूध-शेतीचा बाजार. एकदा वाकलं की मागण्या थांबत नाहीत. शिवाय तेव्हा चीन रशियाकडून आपल्यापेक्षा जास्त तेल घेत होता, त्याच्यावर हा दंड नव्हता.

सरकारने खरं करायचं काम वेगळं आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, तशा बाजारपेठा वाढवा. सूत आणि वीज परवडेल अशी ठेवा. नुसती अनुदानं नकोत. त्यांची सवय लागलेला धंदा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. आमच्या पद्मशाली विणकरांनी गिरण्या बंद पडल्यावरही घरच्या मागावर चादर जगवली. त्यांना ऑर्डर हव्यात.